पाणमांजर पुरलंत, पण ४८ तासांचं काय?

सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांचं जिताड्याचं तळं आहे. पाणमांजरं रात्री शिरतात आणि विक्रीला आलेला मासा अर्धा खाऊन टाकून जातात. त्यांना मारायची परवानगी कुठे मिळेल, असं ते विचारतात. कोकणातून हा प्रश्न मला वारंवार येतो. पण पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलंय: तळ्याभोवतीच्या नायलॉनच्या जाळ्यात बारा दिवसांपूर्वी एक पाणमांजर अडकून मेलं, ते बांधावर पुरलं, आणि आता वनरक्षक गावात चौकशी करतोय.

अहो, तुमचा खरा प्रश्न ही शेवटची ओळ आहे.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ नुसार मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवायचं असतं. 'चुकून' ही शक्यता कायद्याने स्वतःच धरली आहे. तुमच्यासाठी दार उघडं होतं. दुसऱ्या दिवशी वनक्षेत्रपालांकडे गेला असतात तर पंचनामा झाला असता, शवविच्छेदन झालं असतं, आणि 'जाळ्यात अडकून मेलं' या तुमच्या म्हणण्यामागे सरकारी कागद उभा राहिला असता. त्याऐवजी तुम्ही खड्डा खणलात. याचा मला राग येतो, कारण दर वेळी नेमकं हेच होतं. आता ते ताब्यात आलंच नव्हतं असं म्हणणं अवघड आहे, आणि पुरावा नाहीसा केल्याचा आरोपही जोडला जाऊ शकतो.

ही शिकार ठरेल का? आज सांगता येणार नाही. व्याख्येत सापळा, फास आणि नुसता प्रयत्नही येतो. जाळं पक्ष्यांसाठी होतं की पाणमांजरासाठी, यावर बरंच अवलंबून राहील. ठरलीच, तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या प्राण्यासाठी (पाणमांजर आता त्यात आहे) किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, शिवाय किमान २५ हजार दंड. कायद्याने किमान कैद ठरवून दिलेला गुन्हा खात्याकडे पैसे भरून मिटत नाही. 'साहेबांशी बोलून मिटवू' म्हणणाऱ्याला घरात घेऊ नका. आणि खटला उभा राहिलाच तर तारखांवर तारखा पडत वर्षं जातील, तीही शिक्षाच असते.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. 'मालमत्तेला धोका, उभं पीकसुद्धा' हा आधार कलम ११ मध्ये आहे, पण तो दुसऱ्या अनुसूचीपुरता. खाडीतलं नेहमीचं पाणमांजर पूर्वी तिथे होतं. १ एप्रिल २०२३ पासून ते पहिल्या अनुसूचीत आलं. तिथे माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा प्राणी बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. मासे खाल्ले, हे कारण त्यात बसत नाही.

स्कॉटलंडमध्ये सॅमन मासा पाळणाऱ्यांना सील हा सागरी सस्तन प्राणी मारायचा परवाना मिळतो, असं तुम्ही लिहिलंय. मिळायचा. तिथल्या २०१० च्या सागरी कायद्यात मत्स्यशेतीतल्या माशांचं आरोग्य आणि मासेमारीचं गंभीर नुकसान ही कारणं होती. १ फेब्रुवारी २०२१ पासून ती काढली गेली. त्यामागे अमेरिकेच्या आयातीच्या अटीही होत्या: मत्स्यव्यवसायात सागरी सस्तन प्राणी मुद्दाम मारू देणाऱ्या देशाचा मासा त्यांना नको होता. म्हणजे तुम्ही ज्याचा दाखला देताय ते दार तिथेही बंद झालं आहे.

आता उद्या सकाळचं काम. फौजदारी पाहणारा स्थानिक वकील गाठा आणि त्याच्यासोबत वनक्षेत्रपालांकडे लेखी कळवा. तारीख खरी लिहा, उशीर मान्य करा, पुरल्याची जागा दाखवा; स्वतः उकरू नका. अटकपूर्व जामिनाचा अर्ज आधी करायचा की नंतर, ते वकील कागद पाहून ठरवेल. साहाय्यक वनसंरक्षकांसमोर नोंदवलेला जबाब पुढे पुरावा म्हणून येऊ शकतो, म्हणून वाचल्याशिवाय सही नको. जाळ्याचे तारखेसह फोटो काढा आणि त्याची पाहणी करून ते लगेच उतरवू द्यावं, असं त्याच अर्जात मागा. त्याच जाळ्यात दुसरं पाणमांजर मेलं तर 'चुकून' हा शब्द तुम्हाला पुन्हा वापरता येणार नाही.