लग्नाआधी 'फोटोफेशियल' करू का?

प्रश्न : वय ५६. महाल भागातल्या शाळेत तीस वर्षं स्कूटीने गेले-आले. गालांवर काळपट डाग, डोळ्यांपाशी सुरकुत्या. जूनमध्ये लेकीचं लग्न. पार्लरवाली 'फोटोफेशियल' सुचवते. – एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, ऐन नवतप्याच्या तोंडावर हा उद्योग नको.

फोटोफेशियल म्हणजे आयपीएल, अर्थात 'इंटेन्स पल्स्ड लाइट' : तीव्र प्रकाशाचे झोत. हा लेझर नव्हे. लेझरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो, यात साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा पट्टा. डागातलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, तो प्रकाश शोषून तापतं, डाग आधी गडद होतो, मग खपली धरून गळतो. गोऱ्या कातडीवर हे सोपं. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन डागाभोवतीही भरपूर, त्यात तुम्ही उन्हाने रापलेल्या. म्हणजे भाजून नवेच डाग पडायची भीती. लग्नाच्या फोटोत ते नको ना!

आणि डाग कसले हे आधी त्वचारोगतज्ज्ञाने पाहायला हवं. वांग असेल तर उष्णतेने उलट चाळवतो. पार्लरवालीला हा फरक कळेलच असं नाही.

सुरकुत्यांवर आयपीएलचा फारसा भरवसा धरू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री ट्रेटिनॉइनचं मलम बरं. सुरुवातीला त्वचा सोलवटते, म्हणून तेही लग्नानंतरच. आत्ता एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, चेहऱ्याला-मानेला दोन बोटांभर, दर दोन-तीन तासांनी. दुपट्टा तर तुम्ही बांधतच असाल, पण डोळ्यांभोवतीचा भाग उघडाच राहतो. तिथे गॉगल.

आयपीएल हवंच असेल तर डिसेंबरात या. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने काही बैठका लागतील, पहिली कानाजवळ छोट्या जागी चाचणी करूनच.