कोकणात उघड्यावर परिसंवाद: आधी भरती-ओहोटी बघा, मग पत्रिका छापा

तुमचा प्रश्न असा की जानेवारीत, चाळीस जण, दोन दिवस, विषय पर्यावरणाचं तत्त्वज्ञान आणि जागा गुहागर-रत्नागिरी पट्ट्यातली. किनाऱ्यावर मांडव घालावा का? मांडव नको. सभागृहातलीच पत्रिका वाळूवर नेऊन ठेवली तर उन्हापलीकडे हाती काही लागत नाही. ज्या गोष्टीवर वाद घालायचा ती समोर दिसेल तिथे बसा आणि वेळा पंचांग बघून ठरवा.

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, हा किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा. पंचमीला पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे सहा तासांनी, सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ताही बघा. खाडीत आत पाणी आणखी उशिरा उतरतं. तृतीया ते पंचमी सोयीची. अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं मागे जात नाही आणि ओहोटी नेमकी भर दुपारी येते.

किनाऱ्यावर बसायचंच तर सकाळी नऊच्या आत. तेव्हा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वारा मंद असतो, ऊन श्रोत्यांच्या पाठीवर घेता येतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की पंचाईत होते: आवाज पोचावा म्हणून वक्त्याला समुद्राच्या बाजूला उभं करावं, तर श्रोत्यांच्या डोळ्यांत पश्चिमेचं ऊन; तोंडं फिरवली तर वक्त्याचे शब्द वाऱ्याच्या उलट जातात. माइक लावला तर त्यातून वाराच ऐकू येतो. म्हणून दुपारची सत्रं वाडीत, पोफळीच्या सावलीत घ्या. माडाखाली मात्र कोणाला बसवू नका. नारळ पडताना अध्यक्ष कोण ते बघत नाही.

चाळीस जणांचं एक रिंगण करू नका. माणशी पाऊण मीटर धरला तर परीघ तीस मीटर, म्हणजे समोरचा माणूस साडेनऊ मीटरवर. लाटांच्या आवाजात तो ऐकू येत नाही. वीस-वीसचे दोन गट केले की अंतर पाच मीटरच्या आत येतं. प्रोजेक्टर विसरा. प्रत्येक निबंधाचं एक पान, जाड पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेलं. बारा मिनिटं मांडणी, अर्धा तास चर्चा.

आता खरा भाग. पहिल्या दिवशी ओहोटीच्या वेळी खारबांधावर, म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधावर जा. बांधाच्या एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला कांदळवन, चिखलातून वर आलेली त्याची श्वासमुळं. (बांधावरूनच बघा; चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि मुळंही मोडतात.) बांध फुटून खारं पाणी आत आलं की काही वर्षांत खाचरातच कांदळवन उभं राहतं. ते सीआरझेड-१ मध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात मोडतं, तोडता येत नाही. सातबारा शेतकऱ्याचा, झाड कायद्याच्या संरक्षणातलं, आणि बांध नसता तर जमीन मुळात खाडीचीच. इथे निसर्गाला स्वतःचं मूल्य आहे का, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी 1973 साली मांडलेली ‘सखोल परिसंस्थावादा’ची (डीप इकॉलॉजी: निसर्गाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचं मूल्य आहे) भूमिका आणि इतिहासकार रामचंद्र गुहांनी 1989 मध्ये तिच्यावर घेतलेला आक्षेप, की माणूसकेंद्री विरुद्ध जीवकेंद्री या वादातून गरीब देशांतले खरे झगडे उलगडत नाहीत, हे दोन्ही याच बांधावर वाचा. ज्याच्या खाचरात पाणी शिरलंय अशा शेतकऱ्याला वक्ता म्हणून बोलवा, आणि मानधन प्राध्यापकांइतकंच द्या. त्याला शेवटी दहा मिनिटं देऊन ‘अनुभवकथन’ करायला लावण्याची पद्धत मला अपमानास्पद वाटते.

दुसऱ्या दिवशी देवराई. परवानगी ग्रामपंचायतीची पुरत नाही. गुरव आणि मानकऱ्यांशी आधी बोला. ते कौल लावतो म्हणाले तर थांबा, आणि कौल मिळाला नाही तर जागा बदला. आत चपला काढून, माइकशिवाय, पान न तोडता. चर्चेला विषय तयारच आहे: देवाच्या भीतीने राखलेलं रान आणि नियमाने राखलेलं रान यांत नैतिक फरक कोणता? इथे पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीच्या 2011 च्या अहवालातला ग्रामसभांना निर्णयात स्थान देण्याचा आग्रह चर्चेला घ्या. त्या समितीच्या कामात रत्नागिरी-सिंधुदुर्ग खास समाविष्ट होते.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पं (कातळात कोरलेली प्राचीन चित्रं) बघायची असतील तर सूर्योदयानंतर लगेच. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, दहानंतर कातळ तापतो आणि सावलीला झाडही नसतं. रेषांवर पाय देऊ नका, खडूने त्या गिरवूही नका. सडा ओसाड दिसला तरी मालकीचा असतो, तेव्हा मालकाला विचारा.

बाकी किरकोळ: माणशी दिवसाला चार लिटर पाणी, पत्रावळी, डासांचं मलम, आणि जवळच्या दोन घरांशी संडास-मोरीचं पैसे देऊन आधीच ठरवलेलं. पाऊस जानेवारीत सहसा नसतो, तरी शाळेचा एक वर्ग बोलून ठेवा.