गावचा बंद पडलेला फुटबॉल संघ शोधायचा तर आधी मैदान शोधा

प्रश्न असा आहे: हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गावात पूर्वी फुटबॉलचा संघ होता असं म्हातारी माणसं सांगतात. आता संघ नाही आणि मैदान नेमकं कुठं होतं यावरही एकमत नाही. हे सगळं शोधून लिहून कसं काढावं?

आधी मैदानाच्या मागे लागा, संघाच्या नंतर. गावचा संघ कागदावर सहसा नसतोच. चार पोरं जमली, वर्गणी काढली, चेंडू आणला, झाला संघ. मैदान मात्र जमीन आहे, आणि जमिनीचा कागद आपल्याकडे निजामाच्या काळापासून सांभाळलेला आहे. शिवाय घरात बसून ‘कोण कोण खेळायचं?’ विचारलं तर दोन-तीन नावांवर गाडी अडते. त्याच माणसाला जुन्या जागेवर नेऊन उभं केलं की ‘इकडून अमका चेंडू आणायचा, तिकडं तमका गोलात उभा असायचा’ असं सुरू होतं.

जागा केवढी शोधायची ते आधी ठरवा. नियमाप्रमाणे फुटबॉलचं मैदान ९० ते १२० मीटर लांब आणि ४५ ते ९० मीटर रुंद असतं. गावात साधारण एक एकरापासून पावणेदोन एकरापर्यंतची सपाट जागा लागली असणार, म्हणजे सातबाऱ्यावर ४० ते ७० आर. एवढा सलग तुकडा मालकीच्या शेतात कुणी सोडत नाही. म्हणून पहिला शोध गायरानात, मग शाळेच्या आवारात, मग जत्रेच्या जागेत आणि कोरड्या तळ्याच्या पोटात.

मातीचाही विचार करा. काळ्या रानात पावसाळ्यात पाय निघत नाही आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथं खेळ व्हायचा तो दिवाळी ते होळी एवढाच. बारमाही खेळणाऱ्या गावाचं मैदान बरड किंवा मुरमाड जागेवर असणार, नाहीतर काळ्या मातीवर मुरूम टाकून दाबलेलं असणार. असं दाबलेलं मैदान पुढे नांगरलं गेलं तरी ओळखू येतं. नांगराच्या तासात तांबूस मुरूम वर येतो आणि तेवढ्या पट्ट्यात रब्बीची ज्वारी खुरटी राहते, कारण खालचा थर घट्ट असतो आणि ओल धरत नाही. त्या शेताच्या मालकाला ‘इथं पीक का कमी येतं?’ एवढंच विचारा.

आता कागद. तलाठ्याकडे गाव नमुना १-ब मागा. त्यात बिनभोगवट्याच्या, म्हणजे सरकारी जमिनी गट क्रमांकासह असतात. जोडीला १-इ पाहा. ती अतिक्रमणांची नोंदवही. मैदान गेलं कुठं याचं उत्तर पुष्कळदा याच वहीत सापडतं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ आणि पोटखराब वर्ग ‘ब’ हे रकाने सोडू नका, सार्वजनिक कामाला ठेवलेली जमीन तिथं दिसते. मागे जायचं तर १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढा. त्याआधीचे कागद बहुतेक उर्दूत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध झाला तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांची गरज जिल्ह्याजिल्ह्यांत पडली होती, त्यामुळे असा माणूस कुठं मिळेल ते जिल्ह्याच्या ठिकाणी विचारता येतं. फसली सन, म्हणजे निजामाच्या महसुली कागदांवरचं साल दिसलं की त्यात ५९० मिळवा. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. गावांची जुनी नावंही लक्षात ठेवा: अंबाजोगाईच्या कागदावर मोमिनाबाद असेल.

सर्व्हे नंबर आणि गट नंबर एक नसतात. तुकडे जोडून जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि म्हातारी माणसं जुनाच सर्व्हे नंबर सांगतात. दोन्हींचा मेळ घालणारा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तो न पाहता थेट ऑनलाइन सातबारा काढला तर भलत्याच शेतात जाऊन उभे राहाल. ही चूक सगळ्यात जास्त होते.

ग्रामपंचायतीत ग्रामसभेच्या ठरावांच्या वह्या मागा. पाण्याची टाकी, समाजमंदिर, शाळेची कुंपणभिंत यांना जागा देताना ‘खेळाच्या मैदानालगत’ असे शब्द ठरावात येतात. वही दाखवत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज द्या. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, पानाला २ रुपये पडतात. ‘मैदानाची सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर येईल. गट नंबर आणि सालं लिहून ‘या काळातले ठराव स्वतः पाहायचे आहेत’ अशी मागणी करा.

वरून पाहायचं असेल तर गुगल अर्थ प्रोमध्ये जुनी छायाचित्रं सालवार सरकवता येतात. त्याच्या मागे जायला अमेरिकेच्या ‘कोरोना’ हेरगिरी उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली छायाचित्रं आहेत. ती १९९५ मध्ये खुली झाली आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतात. हिवाळ्यातलं छायाचित्र निवडा. हिरव्या रानात उघडा फिकट चौकोन उठून दिसतो. फक्त खळवाडीही तशीच दिसते, म्हणून आकार मोजल्याशिवाय खूण करू नका.

जागेवर जाताना ५० मीटरचा फीत-टेप न्या. आता सगळ्यात महत्त्वाचं: तो खेळ फुटबॉलच होता का, हे नक्की करा. गावाकडं कुठल्याही मोठ्या चेंडूला फुटबॉल म्हणतात, आणि हॉलीबॉलचा संघ आठवणीत फुटबॉलचा होऊन बसतो. खांबांचे जुने खड्डे सापडले तर निकाल तिथंच लागतो. दोन खड्ड्यांत २४ फूट असतील तर फुटबॉलचा गोल. १२ फूट असतील तर हॉकीचा. हैदराबाद संस्थानात हॉकी चांगली रुजलेली होती, त्यामुळे ही शक्यता सोडू नका. ३३ ते ३६ फूट अंतर म्हणजे व्हॉलीबॉलच्या जाळीचे खांब, आणि ७७ ते ७९ फूट म्हणजे खो-खोचे. बाभळीचे किंवा सागाचे खांब जमिनीलगत वाळवी खाते आणि वरचा भाग पडतो, पण बुडाला ठोकलेले दगड तसेच राहतात. दोन-अडीच हात खोल, गोल मांडलेले दगड दिसले की ते उचलू नका, आधी फोटो आणि माप घ्या.

माणसांना सन विचारू नका. पोलीस ॲक्शनच्या (भारतीय सैन्यानं निजामाचं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं त्या कारवाईच्या) आधी की नंतर, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपावेळी संघ होता का, असं विचारा. मग १९४८, १९७२, १९९३ हे टप्पे पक्के मिळतात. नावं काढायची एक रीत आहे. जुना संघ गोलकी, दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड असा उभा राहायचा. कागदावर ही अकरा घरं आखा आणि एकेक जागा विचारत जा. ‘डाव्या बाजूनं कोण पळायचं?’ या प्रश्नाला नाव येतं, ‘संघात कोण होतं?’ याला येत नाही. दोघांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवलं की मोठ्या आवाजाच्या माणसाची यादी खरी ठरते. खेळाडूंइतकंच महत्त्व चेंडू सांभाळणाऱ्याला आहे. जुना चेंडू चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर आणि तोंडाला वादी. त्यात हवा भरणारा सायकल दुकानदार आणि टाके घालणारा कारागीर यांना दोन-तीन गावांचे संघ ठाऊक असत.

पोलीस ॲक्शननंतर काही मुस्लिम कुटुंबं गाव सोडून हैदराबादकडं गेली. संघातली नावं त्या बाजूनं अपुरी राहतात. नातेवाइकांचा पत्ता मिळाला तर जरूर विचारा, पण खेळापुरतंच, आणि ते स्वतःहून बोलतील तेवढंच लिहा.

फोटो मिळाला तर पुढे ठेवलेल्या चेंडूवर पाहा, खडूनं संघाचं नाव आणि साल लिहायची पद्धत होती. ढाल मिळाली तर मागची बाजूही पाहा. फिरत्या ढालीवर दरवर्षीचे विजेते छोट्या पट्ट्यांवर कोरलेले असतात, म्हणजे शेजारच्या पाच-सहा गावांचे संघ एकाच ढालीवरून कळतात. पितळ घासून चकाकवू नका, अक्षरं पुसट होतात. तिरका उजेड टाकून फोटो काढा. ‘नवयुवक’, ‘जय हनुमान’ ही नावं गावोगाव असतात, नावापुढं गाव लिहिल्याशिवाय नोंद करू नका. मंडळ नोंदलेलं असेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट १ चा उतारा मिळतो, त्यात विश्वस्तांची नावं असतात.

हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद इथं १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या छावण्या होत्या. तुमचं गाव हिंगोलीच्या जवळ असेल तर जुन्या कवायतीच्या मैदानाची चौकशी करा. कॉलेजात खेळलेल्या मुलांचा माग काढताना हेही ध्यानात ठेवा की मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. त्याआधीची कॉलेजं उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. फुटबॉलची ओढही तिकडचीच: हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या काळातल्या आठवणीत हैदराबादचं नाव आलं तर ती बढाई समजून गाळू नका.

संघ का मोडला हेही लिहा, आणि ‘पोरं क्रिकेटकडं वळली’ एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडं काळ्या मातीवर खेळायचा हंगाम दिवाळी ते होळी, आणि ऊसतोडीला गाव सोडायचा हंगामही तोच. दसऱ्यानंतर नवरा-बायकोच्या जोड्या साखर कारखान्याला गेल्या की मागं अकरा गडी राहत नाहीत. कोणत्या सालापासून टोळ्या जायला लागल्या ते टोळी नेणाऱ्या मुकादमाला विचारा आणि संघाचा शेवटचा सामना कधी झाला त्याच्याशी ताडून पाहा.

गाव धरणाखाली किंवा भूकंपानंतर हललं असेल तर मैदान जुन्या गावठाणाशी शोधायचं. नाथसागराचं पाणी दुष्काळात उतरतं तेव्हा जुन्या गावांच्या खुणा वर येतात, मोजमापाला तेच दिवस. गायरानांवर सध्या सौर प्रकल्प उभे राहत आहेत, सपाटीकरणाची यंत्रं आली की दगडाचे खड्डेही जातात. म्हणून कागद यायची वाट न पाहता या हिवाळ्यातच टेप घेऊन जा, चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवर नोंदवा, आणि नकाशा, नावांची यादी, फोटो यांच्या तीन प्रती करा: एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक तालुक्याच्या वाचनालयात.