सरकारी रुग्णालयात मशीन चालू असूनही एमआरआयला पाच आठवड्यांनंतरची तारीख का मिळते? ती अलीकडे आणता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील 63 वर्षांचे, भोसरीत ग्राइंडिंगच्या कामावरून निवृत्त, मधुमेह आहे. कंबर दुखून पायात कळ जाते म्हणून पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात कमरेचा एमआरआय सांगितला आणि पाच आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

आधी तातडीचं. लघवी अडकत असेल किंवा नकळत होत असेल, बसताना जो भाग टेकतो तो बधिर झाला असेल, चालताना पाऊल लुळं पडत असेल, तर ती तारीख विसरा आणि आजच कॅज्युअल्टीत न्या. मणक्यातल्या नसांचा गुच्छ दबल्याची ही लक्षणं आहेत. अशा पेशंटचा एमआरआय रांगेबाहेर काढतात, काढावाच लागतो.

यातलं काही नसेल तर हिशेब बघा. कमरेचा साधा एमआरआय 20-25 मिनिटांत होतो. पण पेशंट बदलणं, अंगावरचा धातू तपासणं, स्ट्रेचरवरच्या माणसाला टेबलावर घेणं हे धरून एका पेशंटमागे 35-40 मिनिटं जातात. म्हणजे आठ तासांच्या पाळीत साधारण 12 पेशंट. आता रोज 14 फॉर्म येतात असं धरा. तफावत फक्त दोनची. पण कामाच्या 150 दिवसांत 300 पेशंट मागे पडतात, आणि रोज 12 या वेगाने ते संपायला 25 दिवस लागतात. आठवड्याचे सहा दिवस काम धरलं तरी चार आठवड्यांच्या वर रांग गेली. मधेच कॅज्युअल्टीचे आणि वॉर्डातले पेशंट घुसतात, ते ओपीडीच्या तारखांमधूनच वजा होतात. एप्रिल-मेमध्ये चिलर (मशीन थंड ठेवणारं यंत्र) बंद पडला की दोन-तीन दिवस गेलेच. मॅग्नेट उणे 269 अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवावा लागतो, त्यामुळे कूलिंग बिघडलेलं असताना कुणी धोका पत्करत नाही.

याच रांगेवर दुपारची पाळी पाच आठवडे चालवली तर रोजचे 24 होतील, नवे 14 वजा जाता रोज दहा कमी होतील आणि साचलेले 300 कामाच्या तीस दिवसांत संपतील. नव्या मशीनची गरजही पडणार नाही. मशीन आल्याची बातमी येते, फीत कापली जाते. पाळी वाढवल्याची बातमी कुणी छापत नाही. ती पाळी चालवायला दोन तंत्रज्ञ, एक सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय) आणि हाकेच्या अंतरावर रेडिओलॉजीचा डॉक्टर लागतो. आणि चोवीस तास चालवायचं तर आठवड्याला 21 पाळ्या, एका माणसाच्या सहा. रजा धरून एका जागेसाठी किमान चार माणसं, पाळीत दोघं म्हणजे आठ-नऊ तंत्रज्ञ. कंत्राटी तंत्रज्ञ हात बसला की खासगी सेंटरला जातो, पगार तिकडे वेळेवर होतो. शिवाय स्कॅन झाला म्हणजे काम संपलं असं नाही. रिपोर्ट कुणीतरी वाचायचा असतो. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तो भार बराचसा निवासी डॉक्टरांवर असतो, त्यांच्या परीक्षा आल्या की रिपोर्टही लांबतात.

सोनोग्राफीची रांग वेगळ्या कारणाने लागते, तीही इथेच सांगतो. 1994 च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी नोंदणी झालेल्या डॉक्टरनेच करायची असते, तंत्रज्ञाला करता येत नाही. त्यामुळे डॉक्टर रजेवर गेला की मशीन असून नसल्यासारखं.

आता तुमच्या हातातलं. फॉर्मवर नुसतं ‘कंबरदुखी’ लिहिलं असेल तर तो पेशंट शेवटीच जाणार. ओपीडीत परत जाऊन डॉक्टरांना विनंती करा, की कळ कोणत्या पायात जाते, ताकद कमी झाली आहे का, किती आठवडे औषध आणि व्यायाम झाला, हे नेमकं लिहा. खोटं ‘अर्जंट’ लिहून घेऊ नका. तारीख देणारे ते रोज बघतात आणि लगेच ओळखतात. उलट दुखणं सहा आठवड्यांच्या आतलं असेल आणि धोक्याचं लक्षण नसेल, तर एमआरआय खरंच आत्ताच हवा आहे का, हेही विचारा. साठीपुढच्या बहुतेक मणक्यांत गादी झिजलेली दिसतेच, कंबर दुखत नसली तरी.

दुसरं, ऐनवेळी परत पाठवण्याचं निमित्त ठेवू नका. वडिलांनी ग्राइंडिंग केलंय, तेव्हा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे त्यांना नीट विचारा. गेला असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे लागतो, कारण चुंबकात तो कण हलू शकतो. हे टेबलावर झोपताना आठवलं तर तारीख गेली. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, स्टेंट, रॉड यांपैकी काही बसवलं असेल तर त्या ऑपरेशनचं कार्ड किंवा डिस्चार्ज पेपर आणा. टायटॅनियमचा रॉड सहसा चालतो, पण कागदाशिवाय तंत्रज्ञ जबाबदारी घेत नाही आणि घेऊही नये. कमरेच्या साध्या एमआरआयला कॉन्ट्रास्ट इंजेक्शन (चित्र स्पष्ट यावं म्हणून देतात ते औषध) बहुधा लागत नाही. फॉर्मवर कॉन्ट्रास्ट लिहिलं असेल तर ताजा क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्त तपासणी) रिपोर्ट हवा, मधुमेहींना तर नक्कीच.

इतकी तयारी करून काउंटरवर फोन नंबर द्या आणि सांगा, “कुणी आलं नाही तर तासाभरात येतो.” न येणारे पेशंट रोज असतात. शक्यतो सकाळी लवकर स्वतः जाऊन विचारा.

पर्यायही तपासा. वडील ईएसआयच्या (कामगार विमा) योजनेत किमान पाच वर्षं होते आणि वयोमानाने निवृत्त झाले, तर वर्षाला 120 रुपये भरून दोघा पती-पत्नींना ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. चिंचवडच्या मोहननगरला आणि बिबवेवाडीला त्यांची रुग्णालयं आहेत.  औंधच्या जिल्हा रुग्णालयातही विचारा. ते राज्याच्या आरोग्य विभागाचं असल्याने 15 ऑगस्ट 2023 पासून तिथे उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणून तिथे तो निर्णय लागू नाही. महात्मा फुले योजनेवर (राज्याची आरोग्य योजना) नुसत्या ओपीडीच्या स्कॅनसाठी विसंबू नका, ती बहुतांशी भरती होऊन करायच्या उपचारांची आहे. ऑपरेशन ठरलं तर मात्र 155388 वर चौकशी करा. खर्च झेपत नसेल तर रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि 10 टक्के सवलतीत राखीव असतात, तिथे कसं पोहोचायचं ते त्यांना ठाऊक असतं.

बाहेर पैसे भरून करायचं ठरलं तर फोनवरच विचारा, की दरात फिल्म, रिपोर्ट आणि सीडी धरली आहे का. सीडी घ्याच. नुसता रिपोर्ट नेला तर सर्जन “मला चित्रं बघायची आहेत” म्हणतात आणि तुम्ही पुन्हा त्याच रांगेत उभे राहता.