भाषांतराच्या वर्गात अर्थशास्त्र: वाचकांचे प्रश्न

अनुवाद पदविकेच्या वर्गाला अर्थशास्त्र शिकवायला मला मोजकेच तास मिळालेत. मागणी-पुरवठ्याच्या आलेखापासून सुरुवात करू का?

आलेख राहू द्या. अनुवादकाला समोरचा आकडा कशाचा आहे, हे आधी ओळखता आलं पाहिजे. केंद्राच्या 2025-26च्या अर्थसंकल्पातले दोन अंदाज फळ्यावर लिहा: एकूण खर्च 50.65 लाख कोटी रुपये, कर्ज सोडून येणारा पैसा 34.96 लाख कोटी. वजाबाकी मुलांनाच करू द्या. येतात 15.69 लाख कोटी, ही वित्तीय तूट. लगेच विचारा, मग देशावर कर्ज किती? बरेच जण हाच आकडा सांगतील. तूट एका वर्षाची असते, कर्ज आजवर साचत आलेलं. पगार आणि बँकेतली शिल्लक यांत जो फरक, तोच जीडीपी (देशाचं वर्षभराचं उत्पादन) आणि देशाच्या साचलेल्या संपत्तीत. यावर अख्खा तास गेला तरी जाऊ द्या. भाषांतरातल्या निम्म्या चुका इथूनच निघतात, असं माझं मत.

‘महागाई दर घटला’ याचं मी ‘वस्तू स्वस्त झाल्या’ असं केलं. संपादकांनी कापलं. का?

बरोबर कापलं! दर 6 टक्क्यांवरून 4वर आला, तर 100ची वस्तू आधी 106 झाली, पुढच्या वर्षी 110च्या वर गेली. भाव चढतोच आहे, चढण्याचा वेग तेवढा कमी झाला.

जाता जाता: बेरोजगारी 4 टक्क्यांवरून 6वर गेली, तर ती ‘निम्म्याने वाढली’ हेही खरं, आणि वाढ दोन टक्केबिंदूंची (म्हणजे 6 वजा 4) हेही. वक्ता यातलं काय म्हणतोय आणि कुणाला घाबरवायला, ते बघा.

परिषदेत दुभाषी म्हणून बसते. बिलियन, ट्रिलियन आले की वाक्य हातचं जातं.

1 बिलियन म्हणजे 100 कोटी, 1 ट्रिलियन म्हणजे 1 लाख कोटी. हे पाढ्यासारखं घोका. बूथमधल्या जोडीदाराला आकडे कागदावर टिपायला सांगा. शिवाय ओळखीच्या गोष्टींचं आकारमान डोक्यात हवं. केंद्राचा अर्थसंकल्प 50 लाख कोटींच्या घरात आहे हे माहीत असेल, तर ‘50 हजार कोटी’ कानावर पडताच तुम्ही सावध व्हाल. चलनाचं रूपांतर मात्र बूथमध्ये करू नका. डॉलर तर डॉलरच सांगा.

एखादं सोपं पुस्तक?

एनसीईआरटीचं बारावीचं समष्टी (मॅक्रो) अर्थशास्त्र. हिंदी आणि इंग्रजी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचा.