एमओयू झाला म्हणजे फॉरेनची डिग्री मिळते का?

प्रश्न : मुलीला गंगापूर रोडच्या एका कॉलेजात घ्यायचंय, तिथे बाहेर मोठा फ्लेक्स लावलाय की परदेशी युनिव्हर्सिटीशी करार झालाय. फी पण त्या मानाने जास्त आहे. डिग्री तिकडची मिळणार का?
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, नुसत्या एमओयूने, म्हणजे सामंजस्य कराराने, डिग्री मिळत नाही हो. बऱ्याचदा तो फक्त इरादा असतो, म्हणजे आपण पुढेमागे प्रोफेसर पाठवू, रिसर्च करू वगैरे, सह्या होतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो छापून येतो आणि फाईल कपाटात जाते. खरं काम त्यानंतरच्या करारात असतं, कुठल्या विषयाचे क्रेडिट (अभ्यास पूर्ण केल्याचे गुणांक) धरणार, फी कोण घेणार, मुलं किती जाणार, करार मधेच संपला तर शिकत असलेल्यांचं काय.

डिग्रीचं म्हणाल तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२चे नियम बघा, त्यात परदेशी युनिव्हर्सिटीबरोबरच्या कोर्सचे तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिकडे जाऊन करायचे पण डिग्री इथलीच, जॉइंटमध्ये दोघांची मिळून एक, ड्युअलमध्ये दोघांच्या वेगवेगळ्या. आणि हे कुणालाही करता येत नाही, इथल्या संस्थेला नॅकचा (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचा) किमान ३.०१ स्कोअर किंवा एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या रँकिंगच्या) युनिव्हर्सिटी यादीत पहिल्या १०० मध्ये जागा असं काहीतरी लागतं. फ्रँचायझी, म्हणजे परदेशी युनिव्हर्सिटीच्या नावावर इथे कोर्स चालवणं, तर चालतच नाही.

तर ऑफिसात जाऊन सरळ विचारा, यातलं नेमकं कुठलं, कराराची मुदत कधी संपते, मागच्या वर्षी कोण गेलं होतं. लेखी मागा. टाळाटाळ केली तर जास्तीची फी भरू नका.