सांध्यांची फाइल पोटाच्या डॉक्टरांनाही दाखवा

ताई, बाबांचे सांधे सहा वर्षं दुखतायत, त्यात आता जुलाब, वजन उतरलं आणि बायोप्सीत व्हिपल (एका जंतूमुळे होणारा दुर्मीळ आजार) निघाला, हे वाचलं आणि माझा दादाच डोळ्यांपुढे आला, त्यालाही हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही. औषधांचा कोर्स तुम्हाला सांगितलाच असेल, त्यात शिरत नाही.

तुम्ही विचारलंत, घरात त्यांनाच का? हा जंतू सांडपाण्यात, मातीत सापडतो आणि पुष्कळांच्या पोटात काही त्रास न देता राहतो. ज्यांना आजार होतो त्यांच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू खाणाऱ्या पेशी, हा जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. त्या आयएल-12 हा मदतीला बोलावणारा पदार्थ कमी बनवतात, मग टी-पेशींची (प्रतिकार करणाऱ्या दुसऱ्या पेशींची) कुमक जोरात येत नाही. पीएएस रंग दिल्यावर स्लाइडमध्ये गच्च भरलेल्या दिसतात त्या याच पेशी. 2018 मध्ये एका फ्रेंच कुटुंबातल्या चार रुग्णांत प्रतिकारशक्तीशी संबंधित आयआरएफ4 जनुकाच्या दोनपैकी एक प्रत बिघडलेली सापडली, पण बहुतेकांत असं एकच जनुक हाती लागत नाही. म्हणजे सगळी प्रतिकारशक्तीच कमी असते असं नाही; दादाला एरवी साधी सर्दीसुद्धा क्वचित व्हायची. म्हणून सांगते, 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' चूर्णांवर पैसे घालू नका.

आमची मोठी चूक दोन फाइलींची. सांध्यांची नागपुरात रामदासपेठेतल्या डॉक्टरांना दाखवायची, पोटाची धंतोलीतल्या. जुलाब सुरू झाले ते मे महिन्यात, आम्ही उन्हावर ढकलले. पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मीच म्हणाले, "सांध्यांच्या गोळ्या चालू आहेत." टीएनएफ (सूज आणणारा, पण जंतूंशी लढायलाही लागणारा शरीरातला पदार्थ) अडवणारं इंजेक्शन होतं, ते बोललेच नाही. प्रतिकारशक्तीची जी बाजू आधीच लंगडी, तिलाच ते आणखी दाबत होतं. पाच महिने! दादाचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायचं आणि मी फ्रीजमधून पुढचं इंजेक्शन काढून द्यायचे. त्यात एका लॅबने बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) द्यायला तीन आठवडे फिरवलं. "साहेब नाहीत, उद्या या." अजून राग येतो.

बाबांना असं इंजेक्शन, स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं सांध्यांचं औषध) दिलं असेल तर तारखांसकट लिहून न्या. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका, स्टेरॉइड तर मुळीच नाही. आणखी एक: उपचारांनी बरं वाटू लागल्यावर पुन्हा ताप आला, सांधे सुजले, तर प्रत्येक वेळी जंतूच उलटला असं नसतं. जागी झालेली प्रतिकारशक्तीही असं करते, आधी अशी औषधं घेतलेल्यांत जास्त. दादाला दुसऱ्या महिन्यात झालं. तेव्हा दुकानातून अँटिबायोटिक आणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.